सॉफ्टबॉलमधले वादाचे निर्णय आणि नियमांचे अर्थ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शालेय, आंतरमहाविद्यालयीन आणि क्लब पातळीवरच्या फास्ट-पिच (वेगवान पिचिंगच्या) सामन्यांत ज्या निर्णयांवरून हमखास आवाज चढतो, ते प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं जागतिक बेसबॉल सॉफ्टबॉल महासंघाच्या धर्तीवरच्या नियमांना धरून आहेत. स्लो-पिचला यातलं बरंच काही लागू होत नाही. स्पर्धेच्या परिपत्रकात वेगळी अट छापली असेल, तर त्या स्पर्धेपुरती तीच चालते.

पंचांचा निर्णय चुकला असं वाटतं. तो बदलून मागता येतो का?

आधी स्वतःला एक प्रश्न विचारा. पंचांनी जे पाहिलं तेच चुकलं, की पाहिलं बरोबर पण नियम चुकीचा लावला? पहिला नजरेचा निर्णय, दुसरा नियमाचा. बॉल की स्ट्राइक, सेफ की आऊट, फेअर की फाउल, कॅच झाला की चेंडू आधी जमिनीला टेकला, हे सगळे नजरेचे निर्णय. त्यांवर प्रोटेस्ट (सामन्यातली अधिकृत तक्रार) होत नाही. मैदानावर निम्मा वेळ याच निर्णयांवर वाया जातो आणि मिळत काहीच नाही.

नियम चुकीचा लावला, योग्य नियम लावलाच नाही किंवा शिक्षा चुकीची दिली, तर मात्र दाद मागता येते आणि मागायलाच हवी. उदाहरण घ्या. फर्स्टवर एकटाच रनर आहे, उंच चेंडू उडाला आणि पंचांनी इनफिल्ड फ्लाय (हा नियम पुढे सविस्तर आहे) देऊन बॅटरला आऊट केलं. ही नियमाची चूक आहे, कारण त्यासाठी फर्स्ट आणि सेकंड दोन्हीकडे रनर लागतात. पण रनर दोन्हीकडे होते आणि तुमचं म्हणणं ‘तो चेंडू सहज पकडण्यासारखा नव्हता’ एवढंच असेल, तर ती नजरेची बाब झाली.

फरक बोलण्यात लगेच दिसतो. ‘सर, थ्रो उशिरा आला होता’ याला पंचांकडे उत्तर एकच, ‘मला तसं दिसलं नाही.’ याउलट ‘सर, एकच आऊट होता, फर्स्टला रनर होता, मग कॅचरच्या हातून चेंडू सुटला म्हणून बॅटर फर्स्टला कसा गेला?’ याचं उत्तर पंचांना द्यावंच लागतं. बोलायचं ते प्रशिक्षकाने किंवा कर्णधाराने, टाइम मागून. डगआऊटमधून सगळा संघ ओरडला की योग्य मुद्दाही हरवतो.

प्रोटेस्ट नेमका कधी आणि कसा नोंदवायचा?

पुढचा चेंडू पिच होण्याआधी. तो पिच वैध असो वा अवैध, एकदा टाकला गेला की हक्क संपला. हाफ-इनिंगचा (एका संघाच्या बॅटिंगच्या पाळीचा) शेवटचा प्ले असेल, तर पिचर आणि सगळे इनफिल्डर फेअर भागातून बाहेर पडण्याआधी. सामन्याचाच शेवटचा प्ले असेल, तर पंच मैदान सोडण्याआधी. अपात्र खेळाडूबद्दलच्या तक्रारीला ही मुदत नाही.

प्लेट अंपायरला स्पष्ट शब्दांत सांगायचं, ‘हा सामना आम्ही प्रोटेस्टखाली खेळतोय.’ मग त्यांनी समोरच्या संघाला आणि स्कोअररला कळवायचं. स्कोअररने तिथल्या तिथे इनिंग, आऊट, बॉल-स्ट्राइकचा काउंट, कुठल्या बेसवर कोण होतं, बॅटवर कोण आणि धावसंख्या किती हे लिहून ठेवायचं. बहुतेक प्रोटेस्ट इथेच ढेपाळतात. संध्याकाळी समितीसमोर दोन्ही संघ दोन वेगळे काउंट सांगतात आणि कागदावर काहीच नसतं.

लेखी अर्जात तारीख, वेळ, ठिकाण, पंचांची आणि स्कोअररची नावं, कोणत्या नियमाचं कोणतं कलम आणि घटना घडली तशी, एवढं पुरतं. ‘पंच पक्षपाती होते’ असं वाक्य अर्जात घालू नका, त्याने नियमाचा मुद्दा पातळ होतो. नियमाच्या चुकीचा प्रोटेस्ट मान्य झाला, तर सामना त्या क्षणापासून, दुरुस्त निर्णयासह पुन्हा खेळवतात. स्कोअररची नोंद लागते ती याचसाठी.

चेंडू आणि रनर एकाच वेळी फर्स्टला पोहोचले तर?

नियमात ‘टाय झाला तर रनर सेफ’ असं वाक्य नाही. बॅटर-रनर (चेंडू मारून फर्स्टकडे धावणारा बॅटर) बेसला पोहोचण्याआधी फिल्डरने चेंडू ताब्यात ठेवून बेसला स्पर्श केलेला असला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे चेंडू आधी आला असं पंचांना दिसलं नाही, तर रनर आऊट होत नाही. निष्कर्ष तोच निघतो, पण पंच ‘टाय’ देत नाहीत, ते एक बाजू निवडतात.

जाणता पंच इथे डोळे आणि कान वाटून घेतो. नजर बेसवर, रनरच्या पायावर, कान ग्लोव्हकडे. चामड्यात चेंडू बसल्याचा ‘थप्’ आवाज आधी आला की पाय आधी टेकला, यावर हात वर जातो किंवा आडवा पसरतो. म्हणून प्रेक्षकांत बसून, चेंडूच्या मागे नजर फिरवत पाहणाऱ्याला जे दिसतं ते पंचांना दिसलेलं नसतं, आणि बहुतेक वेळा पंचांचंच बरोबर असतं. त्यात भर म्हणजे ग्लोव्हच्या टोकात अडकलेला चेंडू. तो आवाजच करत नाही आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

नारिंगी बेस कोणाचा, पांढरा कोणाचा?

फर्स्टला दुहेरी बेस असेल, तर फेअर बाजूचा भाग पांढरा आणि फाउल बाजूचा नारिंगी असतो. फर्स्टवर प्ले होत असेल तर बॅटर-रनरने नारिंगी आणि फिल्डरने पांढरा वापरायचा. उद्देश एकच, टक्कर टाळणं. बॅटर-रनरने प्ले होत असताना फक्त पांढऱ्यावर पाय दिला, तर तो आपोआप आऊट होत नाही. तो पांढऱ्या बेसवर परत येण्याआधी फिल्डिंग संघाने अपील केलं तरच आऊट. थ्रो भरकटून फिल्डर फाउल बाजूला ओढला गेला किंवा प्ले मुळातच फाउल बाजूने आला, तर दोघांनाही कोणताही भाग चालतो. एकदा पुढे पळून गेल्यावर परत यायचं ते पांढऱ्यावरच. बॅटवरून आलेला चेंडू नारिंगी भागाला लागला तर फाउल, पांढऱ्याला लागला तर फेअर.

अनेक मैदानांवर दुहेरी बेस नसतोच. तिथे निदान तीन फुटांची पट्टी आखा. होम ते फर्स्टच्या उत्तरार्धात, म्हणजे शेवटच्या ३० फुटांत, बॅटर-रनर त्या पट्टीबाहेरून धावला आणि फर्स्टवर थ्रो घेणाऱ्याला त्याने अडथळा केला, असं पंचांना वाटलं तर तो आऊट. पट्टीबाहेर धावणं हा एकटा गुन्हा नाही, अडथळाही व्हावा लागतो.

फर्स्ट ओलांडून डावीकडे वळला म्हणजे टॅग केल्यावर (हातातल्या चेंडूने स्पर्श केल्यावर) आऊटच ना?

नाही. सेकंडकडे जाण्याचा प्रयत्न दिसला पाहिजे. नुसतं डावीकडे वळून चालत परत येणारा रनर सेफ आहे. उलट उजवीकडे वळून मग सेकंडकडे झेप घेणारा आऊट होऊ शकतो.

इनफिल्ड फ्लाय दिल्यावर फिल्डरने कॅच सोडला. बॅटर आऊट कसा? आणि रनरनी काय करायचं?

हा नियम अर्धवट माहीत असणारे लोक सर्वांत जास्त, म्हणून जरा सविस्तर. दोनपेक्षा कमी आऊट, रनर फर्स्ट आणि सेकंडवर किंवा तिन्ही बेसवर, आणि बॅटरने मारलेला फेअर उंच चेंडू इनफिल्डर सामान्य प्रयत्नात पकडू शकेल असा. एवढं जुळलं की पंच बोट वर करून ‘इनफिल्ड फ्लाय’ पुकारतात आणि बॅटर तिथेच आऊट होतो, कॅच झाला किंवा सुटला तरी. लाइन ड्राइव्ह (सरळ, सपाट जाणारा फटका) आणि बंट (बॅट न फिरवता हलकेच टेकवलेला चेंडू) यात येत नाहीत.

नियम आहे तो रनरना वाचवण्यासाठी. तो नसता तर फिल्डरने मुद्दाम चेंडू खाली पाडून, बेसला चिकटून उभ्या असलेल्या रनरना थर्ड आणि सेकंडवर सहज डबल प्लेत टिपलं असतं.

चेंडू मात्र जिवंत राहतो, म्हणजे खेळ चालूच असतो. गडबड इथे होते. बॅटर आऊट झाल्यामुळे फोर्स (मागच्या धावणाऱ्यामुळे पुढचा बेस गाठण्याची सक्ती) संपला; रनरना पळायची सक्ती नाही. कॅच झाला तर पळण्याआधी बेसला पाय लावणं आवश्यक. सुटला तर ते बंधन नाही, पण पळायचं ते स्वतःच्या जोखमीवर, आणि आऊट करायला फिल्डरला टॅग करावाच लागतो. चेंडू सुटलेला पाहून ‘पळ, पळ’ ओरडणारा थर्डचा कोच आपल्याच रनरला आगीत ढकलतो. त्याने ओरडायचं ते ‘थांब, बॅटर आऊट आहे.’

चेंडू रेषेजवळ असेल तर पंच ‘फेअर असेल तर’ हे शब्द जोडतात. तो कोणाला न लागता पडून फर्स्ट किंवा थर्डच्या आधी फाउल भागात गेला आणि तिथेच थांबला, तर साधा फाउल. बॅटर आऊट नाही. आणखी एक गैरसमज: चेंडू इनफिल्डच्या हद्दीतच असला पाहिजे असं नाही. शॉर्टस्टॉप चार पावलं मागे जाऊन निवांत खाली उभा राहू शकत असेल तर नियम लागतो. वाऱ्यामुळे चेंडू भरकटत असेल तर ‘सामान्य प्रयत्न’ उरत नाही, हे ठरवणं पंचांच्या नजरेवर.

तिसरा स्ट्राइक कॅचरच्या हातून सुटला. बॅटर कधी पळू शकतो?

पिचच्या वेळी फर्स्ट रिकामा असेल तर कधीही. फर्स्ट भरलेला असेल तर फक्त दोन आऊट असताना. चेंडू आधी जमिनीला टेकून मग कॅचरच्या हातात गेला, तर तोही सुटलेलाच. बॅटरने बॅट फिरवली असो वा नसो. दोन आऊट आणि तिन्ही बेस भरलेले असतील, तर सगळ्यांनाच पळावं लागतं. तेव्हा कॅचरने चेंडू उचलून फक्त होम प्लेटवर पाय ठेवला तरी तिसरा आऊट मिळतो. शालेय कॅचर फर्स्टला घाईचा थ्रो मारून रन देऊन बसतात ते हे माहीत नसल्यामुळे.

फाउल टिप आणि फाउल यांत फरक काय?

बॅटला पुसटसा लागून चेंडू थेट कॅचरच्या हातात जाऊन तिथेच पकडला गेला तर फाउल टिप: स्ट्राइक मोजतात, चेंडू जिवंत राहतो, रनर बेस चोरू शकतात, आणि दोन स्ट्राइक असतील तर बॅटर आऊट. कॅचरने सोडला तर साधा फाउल. चेंडू मृत, रनर परत. दोन स्ट्राइकवर बंट फाउल झाला तर बॅटर आऊट, हे वेगळं लक्षात ठेवा.

चेंडू कॅचरने घोट्याजवळ पकडला, तरी स्ट्राइक कसा दिला?

स्ट्राइक झोन प्लेटवर असतो, कॅचरच्या ग्लोव्हमध्ये नाही. बॅटर नैसर्गिक पवित्र्यात असताना काखेपासून गुडघ्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, आणि १७ इंच रुंद प्लेटचा कोणताही भाग. ड्रॉप (खाली बुडणारा चेंडू) टाकणाऱ्या पिचरचा चेंडू प्लेटच्या पुढच्या कडेवर गुडघ्याच्या वर असतो आणि कॅचरपाशी पोहोचेपर्यंत घोट्याशी येतो. बाजूला उभ्या माणसाला फक्त शेवट दिसतो. वाकून उभं राहिल्याने झोन लहान होत नाही. ‘नैसर्गिक पवित्रा’ या शब्दांचा अर्थ तोच.

अर्धवट फिरवलेल्या बॅटबद्दल: बॅट प्लेट ओलांडून गेली का, ही लोकांची खूण. पंच पाहतात ते मारण्याचा प्रयत्न झाला का. प्लेट अंपायरने बॉल दिला तर कॅचर बेस अंपायरला विचारण्याची विनंती करू शकतो.

चेंडू हातावर लागला. ‘हात हा बॅटचा भाग’ हे खरं का?

खरं नाही. बॅट फिरवताना चेंडू हातावर लागला तर चेंडू मृत आणि स्ट्राइक. बॅट फिरवली नसेल आणि चेंडू झोनबाहेर असेल तर बॅटरला फर्स्ट. टाळण्याचा काहीच प्रयत्न न करता हात पुढे धरला, तर नुसता बॉल मोजला जाऊ शकतो.

रनर आणि फिल्डर धडकले. चूक कोणाची?

एक सूत्र पाठ करा: बॅटवरून आलेला चेंडू असेल तर वाटेचा हक्क फिल्डरचा, फेकलेला चेंडू असेल तर रनरचा.

शॉर्टस्टॉप ग्राउंडर (जमिनीवरून येणारा चेंडू) उचलायला वाकला आहे आणि सेकंडहून थर्डकडे निघालेला रनर त्याला आदळला. हा इंटरफिअरन्स: चेंडू मृत, रनर आऊट. धक्का नकळत लागला तरी. रनरला वळसा घालूनच जावं लागतं.

आता दुसरं चित्र. रनर थर्डहून होमकडे येतोय, आऊटफिल्डमधून थ्रो निघालाय, आणि कॅचर हातात चेंडू नसताना रेषेवर पाय रोवून उभा आहे. रनर थबकला, वळसा घेतला, तेवढ्यात चेंडू आला आणि टॅग झाला. हे ऑब्स्ट्रक्शन. ‘थ्रो येतच होता’ हा बचाव चालत नाही. चेंडू ताब्यात असला पाहिजे. धडक होणंही गरजेचं नाही, रनरचा वेग किंवा वाट बदलली एवढं पुरे. चेंडू नसताना टॅगचा आव आणणं हेही यातच मोडतं.

ऑब्स्ट्रक्शनमध्ये खेळ लगेच थांबत नाही. पंच डावा हात आडवा ताणून मूठ धरतात आणि प्ले पुढे चालू देतात. ही खूण न ओळखल्यामुळे फिल्डिंग संघ ‘आऊट झाला तरी सेफ का दिला’ म्हणून धावून येतो. अडवलेला रनर ज्या दोन बेसच्या मध्ये अडवला गेला, तिथे त्याला टॅग करून आऊट करता येत नाही. आणि अडथळा नसता तर तो जिथपर्यंत पोहोचला असता असं पंचांना वाटतं, तो बेस त्याला मिळतो. ‘एक बेस बक्षीस’ असं ठरलेलं काही नाही. मात्र अडवलेल्या रनरने बेस चुकवला किंवा स्वतः इंटरफिअरन्स केला तर तो आऊट होऊ शकतो.

आणि चेंडू घेऊन थांबलेल्या कॅचरला उभ्या उभ्या धडक मारून चेंडू पाडण्याचा प्रयत्न केला, तर रनर आऊट. शालेय सामन्यात पंचांनी इथे अजिबात सैल पडू नये. दात आणि खांदे याच धडकेत जातात.

बॅटरने मारलेला चेंडू रनरला लागला तर?

रनर बेसबाहेर होता आणि फेअर चेंडू पिचर सोडून कोणत्याही इनफिल्डरला ओलांडून गेलेला नव्हता, तर रनर आऊट, चेंडू मृत, बॅटरला फर्स्ट. इनफिल्डरच्या जवळून मागे गेला आणि मागे दुसऱ्या कुणाला प्ले करायची संधी नव्हती, तर खेळ चालू. रनर बेसला चिकटून असेल आणि मुद्दाम काही केलं नसेल, तर तो आऊट नाही.

पिचर चेंडू घेऊन वर्तुळात उभा आहे. रनर बेसबाहेर किती वेळ रेंगाळू शकतो?

जवळपास शून्य. याला लुक-बॅक नियम म्हणतात आणि बेसबॉल पाहून आलेल्यांना तो पटत नाही. ८ फूट त्रिज्येच्या वर्तुळात पिचरकडे चेंडू आला आणि बॅटर-रनर फर्स्टला पोहोचला किंवा आऊट झाला, की बाहेर असलेला रनर एकदाच थांबू शकतो. मग लगेच पुढे जायचं किंवा परत यायचं. तो डुलत राहिला, दोन पावलं पुढे, एक मागे असा खेळ केला, किंवा बेसवर आल्यावर पुन्हा बाहेर पडला, तर चेंडू मृत आणि तो आऊट.

पिचरने थ्रोचा आव आणला, हात उचलला, की त्याने प्ले केला असं धरतात आणि रनर मोकळे होतात. म्हणून शहाणा पिचर चेंडू धरून शांत उभा राहतो. चार बॉलवर फर्स्टला निघालेला बॅटर न थांबता थेट सेकंडकडे पळाला तर ते कायदेशीर आहे. तो फर्स्टवर थांबून मग निघाला तर नाही.

याला जोडून: पिचच्या वेळी चेंडू पिचरच्या हातातून सुटण्याआधी रनरने बेस सोडला तर ‘नो पिच’, चेंडू मृत, रनर आऊट. त्या चेंडूवर बॅटरने होम रन मारला असला तरी तो मोजत नाहीत.

पंचांनी इल्लीगल पिच (नियमबाह्य टाकलेला चेंडू) दिला आणि त्याच चेंडूवर बॅटरने हिट मारला. मग काय?

बॅटर फर्स्टला सुखरूप पोहोचला आणि आधीचा प्रत्येक रनर निदान एक बेस पुढे गेला, तर इल्लीगल पिच विसरायचा, प्ले कायम. नाहीतर बॅटिंग संघाच्या प्रशिक्षकाला निवड करता येते: झालेला प्ले ठेवायचा की शिक्षा घ्यायची. शिक्षेत बॅटरला एक बॉल मिळतो. रनरना एक बेस पुढे पाठवण्याची तरतूद काही संस्थांनी अलीकडे काढून टाकली आहे, तेव्हा स्पर्धा कोणत्या वर्षीच्या नियमपुस्तकावर चालली आहे हे सामन्याआधीच विचारून घ्या.

सर्वांत जास्त वाद क्रो हॉपवर होतात. पिचरने पिचिंगच्या पट्टीवरून (चेंडू टाकताना तो जिच्यावर पाय ठेवतो) ढकलून निघालं पाहिजे. पाय पट्टीवरून उचलून पुढे टेकवला आणि त्या नव्या जागेवरून पुन्हा जोर घेतला, तर क्रो हॉप. पाय घासत जाणं वेगळं. पट्टीच्या पुढे मातीत पडलेला खड्डा पाहा: पट्टीपासून सलग चर असेल तर पाय घासला; मध्ये कोरी माती सोडून पुढे खोल खळगा असेल तर उडी मारून पाय नव्याने रोवला गेल्याची शंका घ्यायला जागा आहे. खात्री मात्र पाय पाहूनच होते.

रनरने बेस चुकवला, पंचांनी पाहिलं, तरी आऊट का दिलं नाही?

कारण कुणी अपील केलं नाही. बेस चुकवणं, कॅचच्या आधी बेस सोडणं, चुकीच्या क्रमाने बॅटिंग करणं, यांवर पंच स्वतःहून बोलत नाहीत आणि बोलूही नये. अपील पुढच्या पिचच्या आधी करायचं. सॉफ्टबॉलमध्ये ते सोपं आहे: सगळे रनर थांबले, टाइम झाला, की कोणत्याही इनफिल्डरने तोंडी सांगायचं, ‘थर्डच्या रनरने सेकंड चुकवला.’ कोणता रनर, कोणता बेस, हे नेमकं सांगावं लागतं.

ऑलिंपिकमध्येही हे घडलं आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध अमेरिकेच्या डॅनी टायलरने होम रन मारला, पण आनंदाच्या भरात होम प्लेटला तिचा पाय लागलाच नाही. ऑस्ट्रेलियाने अपील केलं, रन रद्द झाली, आणि सामना १० इनिंगमध्ये अमेरिका १–२ ने हरली. चेंडू कुंपणापार गेला तरी चारही बेसना स्पर्श करावाच लागतो.

तिसरा आऊट होण्याआधी रनर होमला पोहोचला. रन मोजायची का?

तिसरा आऊट फोर्स असेल किंवा बॅटर-रनर फर्स्टला पोहोचण्याआधी आऊट झाला असेल, तर रन नाही, कितीही आधी प्लेट ओलांडली तरी. तिसरा आऊट टॅगने झाला, तर आधी काय घडलं ते पाहतात.

घोळ होतो तो इथे: एक आऊट, रनर फर्स्ट आणि थर्डवर. सेंटरला कॅच, दोन आऊट. थर्डच्या रनरने पाय लावून होम गाठलं. फर्स्टचा रनर लवकर निघाला होता, चेंडू फर्स्टवर आला आणि तो आऊट. सगळे म्हणतात फोर्स झाला, रन नाही. पण बॅटर आऊट झाल्यावर फोर्स कसला? हा वेळेचा प्ले आहे. फर्स्टवर आऊट होण्याआधी होमला पाय लागला असेल तर रन मोजली जाते. प्लेट अंपायरने अशा वेळी रेषेत उभं राहून दोन्ही टोकं पाहावीत आणि स्कोअररला मोठ्याने सांगावं, ‘रन धरा’ किंवा ‘रन नाही.’

चुकीच्या क्रमाने बॅटिंग झाली तर आऊट कोण?

समजा, क्रम सुनील, महेश, अजय असा आहे आणि महेशच्या जागी अजय आला. बॅटिंग चालू असताना लक्षात आलं, तर महेश येतो, तोच काउंट पुढे चालवतो, शिक्षा नाही. अजयने डबल (सेकंडपर्यंत नेणारा फटका) मारला आणि पुढच्या पिचआधी अपील झालं, तर आऊट महेश. अजय बेसवरून परत, त्या फटक्यावरच्या रन रद्द, आणि पुढचा बॅटर पुन्हा अजयच. पुढच्या बॅटरला एक पिच पडला, तर सगळं वैध. अजयनंतरचा क्रम चालू, महेशची पाळी गेली. म्हणून हुशार प्रशिक्षक चूक दिसल्यावर लगेच बोलत नाही, चुकीच्या बॅटरची पाळी संपू देतो. स्कोअररने मात्र कोणालाही सावध करायचं नाही.

डीपी (डेझिग्नेटेड प्लेअर) आणि फ्लेक्स यांचा घोळ कसा सोडवायचा?

लाइन-अपमध्ये दहावं नाव फ्लेक्सचं; तो फक्त फिल्डिंग करतो आणि त्याच्याऐवजी डीपी बॅटिंग करतो. सामना सुरू होण्याआधी कार्डावर लिहिलं नाही तर नंतर आणता येत नाही. डीपी कोणाच्याही जागी फिल्डिंगला जाऊ शकतो. फ्लेक्स बॅटिंग किंवा रनिंग करू शकतो ते फक्त डीपीच्या जागेवर. फिल्डिंगला दोघं एकत्र चालतात, बॅटिंगला कधीच नाही.

डीपीने फ्लेक्सच्याच जागी फिल्डिंग घेतली तर फ्लेक्स सामन्यातून बाहेर गेला असं धरतात आणि संघ नऊ जणांवर येतो. डीपीने थर्ड बेसमनच्या जागी घेतली, तर थर्ड बेसमन बाहेर जात नाही. तो फक्त बॅटिंग करत राहतो. हा बदल प्लेट अंपायरला सांगा, स्कोअरशीटवर चढू द्या. सुरुवातीच्या खेळाडूला एकदाच, आणि बॅटिंग क्रमातल्या आपल्याच जागी, परत येता येतं.

थ्रो मैदानाबाहेर गेला. ‘एक अधिक एक’ बेस द्यायचा ना?

असा नियम नाही. दोन बेस, आणि तेही थ्रो हातातून सुटला त्या क्षणी रनर जिथे होता तिथून मोजून. चेंडू रेषेबाहेर गेला तो क्षण धरायचा नाही. शॉर्टस्टॉपचा थ्रो सुटला तेव्हा बॅटर फर्स्टला पोहोचला नव्हता, तर त्याला सेकंड. आधीच फर्स्टला स्पर्श केला होता, तर थर्ड. पिच केलेला चेंडू बाहेर गेला तर रनरना एक बेस.

आपल्याकडच्या मैदानांवर ‘बाहेर’ म्हणजे काय हाच मोठा वाद. मंडप, पाण्याचा पिंप, उभ्या दुचाक्या, शाळेची भिंत, फांदी, शेजारच्या कबड्डीच्या मैदानाची दोरी. नाणेफेकीआधी दोन्ही कर्णधारांना घेऊन पंचांनी मैदानाला एक फेरी मारावी आणि प्रत्येक वस्तूपाशी थांबून ‘इथे लागला तर काय’ हे ठरवावं. दहा मिनिटं लागतात.

चेंडू प्लेटला लागला म्हणजे फाउल ना? आणि फिल्डर फाउलमध्ये उभा होता तर?

होम प्लेट फेअर भागात आहे. प्लेटला लागून चेंडू आत राहिला तर फेअर. फिल्डरचे पाय कुठे आहेत ते पाहायचं नाही; स्पर्शाच्या क्षणी चेंडू रेषेच्या कोणत्या बाजूला होता ते पाहायचं. बॅटर बॉक्समध्येच असताना चेंडू उसळून त्याला लागला तर फाउल.

१९९६ च्याच ऑलिंपिक फायनलमध्ये अमेरिकेच्या डॉट रिचर्डसनने उजव्या रेषेलगत मारलेला होम रन फाउल होता असा चीनच्या संघाचा दावा होता. खेळ थांबला, वाद झाला, निर्णय कायम राहिला आणि अमेरिकेने ३–१ ने सुवर्ण जिंकलं. नजरेचा निर्णय फायनलमध्येही नजरेचाच राहतो.

बॅटरचा पाय बॉक्सबाहेर होता, पण फक्की पुसली गेली आहे. निर्णय कसा द्यायचा?

चेंडू बॅटला लागला त्या क्षणी एक आख्खा पाय रेषेबाहेर जमिनीवर टेकलेला असेल, किंवा पायाचा कोणताही भाग प्लेटवर असेल, तर बॅटर आऊट. रेषा बॉक्सचाच भाग आहे, टाच रेषेवर असली तरी आत. फक्की दुसऱ्या इनिंगपर्यंत पायाखाली जाते. मग पंचांकडे प्लेटशिवाय खूण उरत नाही आणि अंदाजाने आऊट देऊ नये. उपाय सोपा: दोन-तीन इनिंगनंतर बॉक्स पुन्हा मारून घ्या. ३ बाय ७ फूट, प्लेटच्या कडेपासून ६ इंच सोडून, आणि प्लेटच्या मध्यापासून ४ फूट पुढे. त्या मापाची लाकडी चौकट करून ठेवली तर अर्ध्या मिनिटाचं काम.

मैदान आखतानाच टेप नीट धरला तर पुढचे बरेच वाद टळतात. बेसचं अंतर ६० फूट, म्हणजे १८.२९ मीटर. होमच्या मागच्या टोकापासून सेकंडपर्यंतचा कर्ण २५.८६ मीटर यायला हवा. तो चुकला तर चौकोन तिरका आहे. पिचिंग अंतर त्याच टोकापासून पिचरच्या पट्टीच्या पुढच्या कडेपर्यंत: खुल्या गटात महिलांसाठी १३.११ मीटर, पुरुषांसाठी १४.०२ मीटर.

दोन पंचांचं मत वेगळं असेल तर कोणाचं चालतं?

ज्याच्या अखत्यारीत तो निर्णय होता त्याचं. दुसरा पंच तो स्वतःहून फिरवू शकत नाही. पण निर्णय देणाऱ्याने सहकाऱ्याला बाजूला घेऊन ‘चेंडू ग्लोव्हमधून सुटलेला तुम्ही पाहिलात का?’ असं विचारणं यात कमीपणा नाही. असा प्रश्न विचारणाऱ्या पंचावर खेळाडू जास्त विश्वास ठेवतात. नियमाची उघड चूक दिसली तर सहकाऱ्याने पुढच्या पिचआधी जवळ जाऊन हळू आवाजात सांगावं.

एकच पंच असेल तर तो सगळं पाहू शकणार नाही, हे दोन्ही संघांनी आधीच मान्य केलेलं बरं. बेस रिकामे असताना ग्राउंडर गेला की त्याने प्लेटमागून बाहेर पडून फर्स्टच्या दिशेने काही पावलं आत यावं. थ्रो सुटायच्या आत थांबावं आणि मगच निर्णय द्यावा. पळता पळता दिलेला निर्णय दहा फूट जवळून दिला तरी डळमळीत असतो.

सात इनिंगनंतर बरोबरी. आठव्यात सेकंडवर कोणाला उभं करायचं?

बरोबरी असेल तर आठव्यापासून प्रत्येक हाफ-इनिंग सेकंडवर एक रनर ठेवून सुरू करतात. तो रनर म्हणजे त्या हाफ-इनिंगमध्ये क्रमाने सर्वांत शेवटी बॅटिंगला येणारा खेळाडू. म्हणजे पहिल्या बॅटरच्या अगदी आधीचं नाव. सुरुवात पाचव्या क्रमांकापासून असेल तर सेकंडवर चौथा. ‘सातव्यात शेवटी आऊट झालेला’ हे उत्तर दरवेळी बरोबर येत नाही: शेवटचा आऊट बेसवरच्या रनरचा असेल तर ते नाव वेगळं निघतं. स्कोअरशीट पाहूनच रनर पाठवा.